दुसऱ्या नंबरची खुर्ची

अण्णा,

तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळही लिहिली नाही. आज लिहितो आहे, कारण थकलो आहे, आणि जे सांगायचं आहे ते इथे जेद्दात कोणाला सांगता येण्यासारखं नाही. तुमच्या सुनेला सांगितलं तर ती दोन दिवस जेवणार नाही. तुमची नात नववीत आहे. तिच्या खोलीत डोकावलं की "पप्पा, प्लीज, कल टेस्ट है," म्हणते. टेस्ट नेमकी तुमच्याच विषयाची, नागरिकशास्त्राची. पंतप्रधानांचे अधिकार आणि कार्ये. मी दार ओढून घेतलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसलो.

दोन महिन्यांपूर्वी आमच्या हॉस्पिटलात आफ्रिकेतल्या एका देशाचे माजी पंतप्रधान दाखल झाले. मक्केच्या यात्रेला, उमऱ्यासाठी आले होते, चालून चालून पायाला जखम झाली, मधुमेह जुना, जखम चिघळली. मी इथे डेप्युटी मेडिकल डायरेक्टर, म्हणून त्यांची विचारपूस करायला गेलो. पंतप्रधान म्हटल्यावर मी आपला टाय वगैरे सारखा करून गेलो, तर खाटेवर सत्तरी उलटलेला एक काटकुळा गृहस्थ, शेजारी त्यांचा मुलगा, आणि खिडकीत वाळत घातलेला एक टॉवेल. बोलायला मोठे गोड. इंग्रजी सावकाश, एकेक शब्द जपून वापरणारं. तुमच्याबद्दल मीच सांगितलं. म्हटलं, माझे वडील शाळेत शिकवायचे की राष्ट्रपती नामधारी असतो, खरा कारभार पंतप्रधानाचा. ते इतके हसले की ठसका लागला.

"आमच्याकडे उलटं आहे, डॉक्टर," ते म्हणाले. "राष्ट्रपती नेमतात, राष्ट्रपती काढतात. रस्ता झाला की फीत राष्ट्रपती कापतात, पाव महागला की राजीनामा पंतप्रधान देतो. मी चौदा महिने होतो. मला काढल्याचं रेडिओवर ऐकलं, अर्धी दाढी व्हायची होती."

नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं तुम्ही म्हणाला असता. मी त्यांना विचारलं, मग पंतप्रधानानं करायचं काय? ते म्हणाले, "सह्या. आणि मध्ये उभं राहायचं. खालचा राग वर पोचू द्यायचा नाही, हे काम राष्ट्रपती सांगतात. वरचा राग खाली पोचू द्यायचा नाही, हे कोणी सांगत नाही, ते आपलं आपण करायचं असतं. मी पहिलं केलं." मग सांगितलं, की एका वर्षी सरकारी गोदामातलं धान्य संपलं. वाटपाचा हुकूम राष्ट्रपतींचा होता, सही यांची, आणि तुरुंगात गेला तो गोदामाचा अधिकारी. त्याच्या अटकेच्या कागदावरही सही यांचीच. "तो आता नाही. त्याच्यासाठीसुद्धा मक्केला आलो," म्हणाले.

तेव्हा मला तुम्ही दिसलात, अण्णा. उपमुख्याध्यापकांची ती खुर्ची, मुख्याध्यापकांच्या दाराबाहेर, अर्धी व्हरांड्यात. संस्थेचे चेअरमन आत चहा घेताहेत आणि तुम्ही बाहेर वेळापत्रकावर सह्या करताहात. सहामाहीचा पेपर फुटला, त्या साली चेअरमनच्या पुतण्याचं नाव सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि तरी कारकुनाला काढायचा कागद तुमच्यापुढे आला. तुम्ही सही केली नाहीत. कारकून राहिला, आणि तुम्हीही राहिलात, निवृत्तीपर्यंत उप. आईनं ते तुम्हाला शेवटपर्यंत ऐकवलं. मीही एकदा ऐकवलं, मेडिकलच्या पहिल्या वर्षाला होतो तेव्हा, जेवताना, की एका सहीनं काय आभाळ कोसळणार होतं? तुम्ही मान वर केली नाहीत. "भात वाढ," एवढंच आईला म्हणालात. माझ्या नववीच्या पेपरात पंतप्रधानाची दहा कामं लिहिली होती, त्यावर लाल शाईनं "जबाबदारी कोण लिहिणार?" असा शेरा मारून अर्धे गुण कापणारा माणूस त्या दिवशी मला उत्तर द्यायला तयार नव्हता, याचा मला खूप राग आला होता.

आता मुद्द्यावर येतो. माजी पंतप्रधान वॉर्डात असतानाचा एक गुरुवार. मुसलमानांत पुष्कळजण सोमवारी आणि गुरुवारी आपखुशीनं रोजा धरतात. मधुमेहाच्या माणसानं धरू नये, डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं, पण त्यांनी धरला आणि कोणाला सांगितलं नाही. सकाळची न्याहारी आली ती सफाईवाल्याला खाऊ घातली, अन्न टाकवेना म्हणून. ताट रिकामं गेलं. वॉर्डात आपल्याकडची एक नर्स होती, रत्नागिरीकडची, सहा वर्षं इथे आहे, कामाला चोख. रिकामं ताट पाहिलं आणि तिनं नेहमीचं इन्सुलिन दिलं. पेशंट खातो हे डोळ्यांनी बघूनच द्यायचं, असा नियम आहे. पण त्या सकाळी तिच्याकडे एक सोडून दोन वॉर्ड होते, कारण डायरेक्टरांनी माणसं कमी केली होती, आणि त्या ड्यूटीच्या तक्त्यावर सही माझी होती. अकराच्या सुमाराला साखर एकदम उतरली, म्हातारबुवांना दरदरून घाम फुटला, बोलणं बरळायला लागलं. साखर चढवली, बारापर्यंत उठून बसले. निभावलं. पण मुलगा घाबरला होता, त्यानं त्यांच्या वकिलातीत फोन केला, वकिलातीनं आमच्या मालकांना, आणि दुपारी डायरेक्टरांनी मला बोलावलं.

कागद तयारच होता. नर्सचा निष्काळजीपणा, नोकरी समाप्त, इकामा, म्हणजे इथला राहायचा परवाना, रद्द करून परत पाठवणी. डायरेक्टर काही दुष्ट माणूस नाही. दमलेला होता, माझ्यासारखाच. "यल्ला डॉक्टर, साइन करा, खलास," म्हणाला. दोन वॉर्डांचा उल्लेख कुठेच नव्हता. मी म्हटलं, जरा बघतो.

संध्याकाळी म्हातारबुवांकडे गेलो. त्यांना मुलाकडून कुणकुण लागली होती. माझा हात धरून म्हणाले, "चूक माझी आहे. मी लपवलं. कागद आणा, मी लिहून देतो." अण्णा, कागद माझ्या खिशात होता. पेनही होतं. ते लिहून देते तर चौकशी झाली असती, चौकशीत तक्ता निघाला असता, तक्त्यावर माझी सही. माझं कॉन्ट्रॅक्ट पुढच्या महिन्यात नवं व्हायचंय, लेकीची दहावी तोंडावर आहे. मी त्यांच्या हातावर थोपटलं आणि म्हटलं, "तुम्ही विश्रांती घ्या. मी बघतो." त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. चौदा महिने हेच म्हणत असणार ते लोकांना. तीन दिवसांनी त्यांना घरी सोडलं. तोवर मी सही केली होती.

चोर सोडून संन्याशाला फाशी, हे मला कळत नव्हतं असं नाही. एक बदल मात्र करून घेतला. "निष्काळजीपणा"ऐवजी "नियमभंग" लिहायला लावलं, म्हणजे तिला दुसरीकडे नोकरी मिळायला त्रास नको. हे मी स्वतःला रोज सांगतो. आंघोळ करताना सांगतो, गाडी चालवताना सांगतो. तुम्हाला सांगताना मात्र लाज वाटते आहे. तुम्ही का गप्प बसलात ते आता थोडं कळतं. सही न करणाऱ्यालाही सांगण्यासारखं फार काही नसतं बहुतेक, नुसतीच भूक लागलेली असते.

काल ती निरोप घ्यायला आली. तिकीट आजचं होतं. माझ्या केबिनच्या दाराशी चपला काढल्या, इथे कोणी काढत नाही. हातात माझ्या लेकीसाठी खजुराचा डबा. म्हणाली, "सर, डायरेक्टर केस करणार होते म्हणे. तुम्ही मधे पडलात म्हणून एवढ्यावर भागलं. घरी सांगितलंय मी, आपल्या माणसानं सांभाळून घेतलंन." हे तिला कोणी सांगितलं ते मला माहीत नाही. मी सांगितलं नव्हतं. पण नाही, असंही म्हटलं नाही. "जपून जा," म्हटलं.

हे पत्र कुठे पाठवायचं, तो प्रश्नच नाही. तुम्ही असतात तरी मी पाठवलं नसतं. पण एक राहिलं, ते लिहून टाकतो. जाताना ती वाकली, नमस्काराला. मला पाय मागे घेता आले असते, अण्णा. मी घेतले नाहीत.