पट्टी न बांधलेला पाय

उस्ताद, तुम्ही जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा खेळ पाहिलेली माणसं हिंगोलीत शोधावी लागतात. मीसुद्धा तो पाहिला नाही. छत्तीस-सदतीसच्या सुमारास मी जिनिंग कारखान्याच्या फुटबॉल संघात आलो तेव्हा तुमचा गुडघा जाऊन दोन वर्षं झाली होती आणि तुम्ही संघाचे मॅनेजर झाला होतात. पण जुने लोक सांगायचे की पिंजाऱ्याच्या घरातला हा माणूस अनवाणी खेळायचा, आणि डाव्या पायाने असा बॉल मारायचा की गोलकीपरचे हात वर जाईपर्यंत बॉल खांबांच्या पलीकडे गेलेला असे. परभणीच्या सामन्याला कारखान्याचे मालक आले होते, म्हणून तुम्हाला सुजलेल्या घोट्यावर उतरवलं. एक पाय जपत पळताना दुसऱ्या पायाचा गुडघा फिरला, तो कायमचाच. ही हकिकत तुम्ही मला एकदाच सांगितलीत, तीही हसत. "मॅनेजरनं विचारलं, दुखून राहिलं का? मी म्हणलो, न्हाई. त्याला बी ठाऊक, मला बी ठाऊक. दोघं बी खोटं बोलून राहिलो होतो."

त्यामुळेच असेल, तुम्ही संघ कधी तोंडाने सांगितला नाहीत. सामन्याच्या दिवशी मैदानाकडेला सतरंजी टाकून बसायचात. जुन्या धोतरांच्या चार बोटं रुंद पट्ट्या धुऊन, गुंडाळून शेजारी ठेवलेल्या असायच्या. एकेकाला बोलवायचं, त्याचा पाय मांडीवर घ्यायचा, घोटा चाचपायचा आणि पट्टी बांधायची. ज्याच्या पायाला पट्टी, तो संघात. ज्याचा पाय नुसता पाहून खाली ठेवला, त्याने मुकाट्याने बाजूला जाऊन बसायचं. काहून, कशाला, असं विचारायची पद्धत नव्हती. गावात कितीतरी जणांनी त्या सतरंजीला नावं ठेवली. मैदानात मात्र तिच्याएवढा न्याय मी पुढे कुठल्या कचेरीतही पाहिला नाही.

आमचा गोलकीपर कुरुंद्याचा शेतकरी. हळद शिजवायच्या दिवसांत तो तशाच पिवळ्या हातांनी यायचा आणि अर्ध्या तासात बॉल पिवळा करून टाकायचा. "बॉलला हळद लागली रे," तुम्ही ओरडायचात, "आता याचं लगीन लावा, न्हाईतर आत तरी जाऊ देऊ नका!" तो तिकडून म्हणायचा, "उस्ताद, नवरी बघा, मंग बघू!" हट्टा गावचे दोघे भाऊ, कापडबाजारातले तिघे, जिनिंगमधले कामगार, कोण नमाज पढून येई, कोण मारुतीला पाणी घालून. या गोष्टीचं आम्हाला कधी कौतुक वाटलं नाही. कौतुक करावं असं त्यात काही आहे, हे ते मोडल्यावर कळलं.

मी तेव्हा हाताला लागेल ते वाचत होतो. रशिया, आयर्लंड, फ्रान्स, कुठल्याही देशाची क्रांती मला पाठ असायची. बोलायला उभा राहिलो की बाजार थांबायचा, हे मला फार लवकर समजलं आणि त्याची गोडी लागली. निजामाचं राज्य जावं, हे तेव्हाही मनापासून वाटत होतं. आजही त्यातला एक शब्द मागे घ्यायला मी तयार नाही. तुम्हाला माझी भाषणं ठाऊक होती. कधी अडवलं नाहीत. फक्त सरावाला उशीर झाला की सगळ्यांसमोर म्हणायचात, "आला का नेता? आमचा फॉरवर्ड भाषणात बी ऑफसाईड जाऊन राहिला." सगळे हसायचे. मीही हसायचो, पण ते मनात कुठेतरी बोचत राहायचं.

सत्तेचाळीस सालच्या थंडीतली गोष्ट. शिरड शहापूरच्या बाजारात मी बैलगाडीवर उभा राहून बोललो. पोलीस आल्याची हाकाटी झाली, मी गाडीवरून उडी टाकली आणि डावा पाय दगडावर पडला. पोरांनी मला खांद्यावर उचलून गल्लीतून नेलं. खांद्यावरच्या माणसाने पाय दुखतो म्हणून सांगायचं नसतं, असं मला त्या वयात वाटलं. चारच दिवसांनी परभणीच्या संघाशी आपला सामना होता, निजामाचे जिल्ह्याचे अधिकारी, तालुकदारसाहेब, स्वतः पाहायला येणार होते. रोज मिठाच्या पाण्याने शेकून मी सूज उतरवली आणि कुणाला काही बोललो नाही. तालुकदाराच्या डोळ्यांदेखत गोल मारायचा, एवढंच डोक्यात होतं.

सतरंजीवर तुम्ही माझा पाय मांडीवर घेतलात. ती बोटं अजून आठवतात. घोट्याच्या हाडामागे एका जागी येऊन थांबली.

"दुखून राहिलं का?"

"न्हाई."

तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहिलंत. मग पुन्हा तिथेच दाबलंत, जरा जोरात. मी दात आवळून समोर परभणीच्या पोरांकडे बघत राहिलो. तुम्ही उलगडलेली पट्टी परत गुंडाळलीत, माझा पाय हलकेच खाली ठेवलात आणि म्हणालात, "जा बेटा, बस." मग हट्ट्याच्या धाकट्याला हाक मारलीत.

आपण दोन गोलांनी हरलो. मी बाजूला बसून होतो आणि माझ्यामागे लोक बोलत होते. "वरून हुकूम आला असंल." "तालुकदारासमोर याला कसा खेळवतील?" "मॅनेजर शेवटी त्यायचाच की." मी फक्त एवढं म्हणायला हवं होतं की माझा पाय दुखावलाय. मी वळून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी तीच कुजबुज बाजारात होती आणि तिसऱ्या दिवशी ती माझी स्वतःचीच समजूत झाली होती. खोटं आपल्या सोयीचं असलं की पटायला वेळ लागत नाही.

आठवड्याने चौकात सभा झाली. मी तुमचं नाव घेतलं नाही, पण हिंगोलीत एकच मॅनेजर होता. मी म्हणालो, जो एके काळी बॉलमागे पळायचा तो आज हुकमामागे पळतो. ज्याच्या पायाने परभणी जिंकली, त्याने आपले हात सरकारला विकले. टाळ्या कडाडल्या. तुम्ही भज्याच्या गाडीशी उभे होतात, काळ्या टोपीत. तुम्ही एक वाक्य बोलला असतात, त्याचा घोटा बघा, एवढंच, तर मी तिथेच उघडा पडलो असतो. मी लंगडत चौकात आलो होतो. तुम्ही पाहिलं होतंत.



पुढच्या सरावाला हट्ट्याचे भाऊ आले नाहीत. मग इतर शेतकरी पोरं गेली. मग कापडबाजारातले तिघे मुसलमानही, कारण ते माझ्या भाषणाने दुखावले होते. मी सरहद्द ओलांडून वऱ्हाडात गेलो, तिथल्या छावणीत राहिलो, हत्यारं आणि पत्रकं इकडून तिकडे नेली. त्याबद्दल मला खंत नाही. पण कुरुंद्याच्या गोलकीपरने नंतर सांगितलं, की तुम्ही अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यापर्यंत दर शुक्रवारी मैदानावर येऊन सतरंजी टाकत होतात. शेवटी शेवटी तिघेच यायचे. तरी तुम्ही तिघांच्या पायांना पट्ट्या बांधायचात. "माझ्याबद्दल काही बोलायचे का?" मी विचारलं. त्याने सांगितलं, "एकदाच. मी म्हणलो, त्यानं तुमची लई बेअब्रू केली. तर म्हणले, ते ऱ्हाऊ दे, त्याचा पाय बरा झाला का, ते सांग." जूनमध्ये तापाने तुम्ही गेलात. मी तेव्हा पलीकडे होतो.

निजामाचं राज्य गेलं आणि मी हार घालून घेत परत आलो. ते दिवस तुमच्या लोकांना वाईट होते. कोण कोणाचा माणूस होता, हे लोक बोट दाखवून ठरवत होते, आणि तुमच्या घराकडे बोट दाखवायला माझंच वाक्य वापरत होते. हे मला तुमच्या बायकोने, आमच्या चाचींनी सांगितलं. त्या माझ्या दारात आल्या, पदर घट्ट धरून. मी लगेच कागद घेतला. या घराला कोणी तकलीफ देऊ नये, असं लिहून खाली माझी सही केली. त्या सहीला तेव्हा वजन होतं.

चाचींनी कागद घेतला, पण उठल्या नाहीत. "चिठ्ठीनं दार वाचंल बाबा. त्यायचं नाव कसं वाचंल? तू चौकात बोलला होतास. तिथंच उभा राहून बोल ना, की उस्तादनं कोणाचा हुकूम ऐकला न्हवता."

"बोलतो, चाची. परिस्थिती जरा निवळू द्या."

"पाय मोडला होता न्हवं तुझा?"

मी होकारार्थी मान हलवली. त्या गेल्या. महिनाभराने घर बंद करून नांदेडला भावाकडे गेल्या, कायमच्या. त्या महिन्यात त्या चौकात मी चार वेळा बोललो. स्वातंत्र्यावर बोललो, शेतसाऱ्यावर बोललो, बंधुभावावरसुद्धा बोललो, आणि लोकांच्या डोळ्यांत पाणी आणलं. तुमच्याबद्दल तोंड उघडायला गेलो की पुढचं वाक्य दिसायचं. हा माणूस निर्दोष होता, असं म्हटलं की मग खोटं कोण बोललं तेही सांगावं लागणार. समोर टोप्या काढून बसलेली माणसं दिसायची आणि मी दुसऱ्या विषयाकडे वळायचो.

उस्ताद, मी आयुष्यभर लोकांना धीट व्हायला सांगितलं. हे पत्र चाचींकडे धाडावं म्हणून लिहायला बसलो होतो, पण त्याही राहिल्या नाहीत, आणि पेपरात छापायला देण्याइतका धीर अजून होत नाही. गेल्या आठवड्यात इथल्या शाळेत बक्षीस समारंभ होता. फुटबॉलच्या संघातल्या एका मुलीने विचारलं, "आजोबा, तुम्ही कधी खेळला होता का?" मी म्हणालो, नाही.