मागे अजून एकजण

फालार्दो,
सोमवार, २६ फेब्रुवारी

प्रिय रोझेर,

खोकला गेला का? छातीला मोहरीचा लेप लावलास, की नुसता लावतो म्हणालास? गुडघ्याचं विचारत नाही. तो बरा आहे असंच तू लिहिशील आणि दिवसभर जिना चढायचं टाळशील.

इथे आठवडाभर बर्फ पडतोय. व्हरांड्याच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्यात. रोज सकाळी फावडं घेऊन मी माझ्याच दारातून स्वतःला खणून बाहेर काढते आणि मग कॉफी घेते.

शाळेत सिस्टर सँत-सेसिल आम्हाला पत्र लिहायला शिकवायच्या. क्रम ठरलेला असायचा. आधी समोरच्याची तब्येत, मग हवापाणी, मग गावची बातमी आणि स्वतःचं सगळ्यात शेवटी, तेही थोडक्यात. मुलींनी स्वतःबद्दल लांबलचक लिहिणं त्यांना उघड्या डोक्यानं चॅपेलमध्ये जाण्यासारखं वाटे. इतकी वर्षं झाली, हात अजून त्याच क्रमानं चालतो. तेव्हा नववर्षाच्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात तू जे विचारलंस, त्याचं उत्तर शोधत पानं उलटू नकोस. येईल त्याच्या जागी.

काय विचारलंस ते मात्र मला शब्दन् शब्द आठवतंय. तू ताटल्या पुसत होतास, पाठ माझ्याकडे. "सोलांज, रोबेर्व्हालला येतेस का माझ्याकडे? राहायला. कायमची." मी तोंड उघडायच्या आत म्हणालास, "आत्ता नको सांगूस. लेआंद्र गेल्यापासून तू डोंगरावर गेलेली नाहीस. आधी एकदा वर जाऊन ये, मग बोल." आणि मला न विचारता परस्पर फोन करून त्या सहलीत माझं नाव घालून टाकलंस. चाळीस वर्षं जिथे नवऱ्याबरोबर, बर्फावरच्या स्वतःच्या गाडीनं फिरले, तिथे मी पाहुण्यांच्या रांगेत, वाटाड्याच्या मागून.

गावाला कळायला वेळ लागला नाही. किराणा दुकानात फेर्नांद सगळ्यांसमोर म्हणाली, "काय गं सोलांज, आता डोंगर दाखवायला माणूस लागतो होय तुला? उद्या स्वतःच्या स्वयंपाकघराची सहल काढ. मी येते तिकीट काढून."

"तुला फुकट," मी म्हटलं. "भांडी घासायची तयारी ठेव."

तुझं नाव मी घेतलं नाही. तिनं विचारलंही नाही. पण वाटाण्याची पिशवी हातात देताना ती ज्या तऱ्हेनं हसली, त्यावरून काय ते समज.

शनिवारी जाऊन आले.

वाटाडी म्हणून जोएल होती, आपल्या पोस्टातल्या मार्सेलची नात. तिशीची असेल, पण आवाज मुख्याध्यापिकेचा. बाकी दोघं नवराबायको, फ्रान्सहून आलेली, लियाँची. बेर्त्रां आणि काप्युसिन. दोघांचे हातमोजे असे पातळ की त्यांत सफरचंदंही गारठली असती. जोएलनं मुकाट्यानं दुसरे काढून दिले. बेर्त्रां फार सभ्य. त्यानं मला विचारलं, "मादाम, याआधी कधी स्नोमोबाईल चालवली आहे का?"

"थोडीफार," मी म्हटलं. जोएलला एकदम खोकला आला.

निघण्याआधी तिनं आम्हाला उभं करून हाताच्या खुणा शिकवल्या. तुला काय सांगायच्या, मला आणि लेआंद्रला तूच शिकवल्यास, क्लबातल्या त्या पहिल्या हिवाळ्यात. "समोरून गाड्या आल्या की डावा हात वर. तुमच्यामागे जितक्या गाड्या असतील तितकी बोटं. सगळ्यात शेवटी असेल त्यानं मूठ. मूठ म्हणजे माझ्यामागे कोणी नाही, खुशाल जा. कळलं?" मग माझ्याकडे वळून, "मादाम सोलांज, तुम्ही शेवटी राहा. तुम्ही असलात की मला सारखं मागे बघायला नको." मला बरं वाटलं, लपवत नाही.

आणि निघालो. रोझेर, वास तोच आहे. पेट्रोल, स्प्रूसच्या झाडांचा चीक आणि थंडीला स्वतःचा जो वास असतो तो. खालची झाडं अजून झाडंच होती. वर जाऊ लागलो तशी ती पांढरी होत गेली, मग वाकली, मग त्यांना खांदे आले, डोकी आली. शेवटच्या चढावर पोचलो तेव्हा दोन्ही बाजूंना नुसती बर्फाची भुतं उभी, एकमेकांच्या कानात बोलणारी. काप्युसिन थांबून रडायला लागली. बेर्त्रां घाबरला. जोएल म्हणाली, "असू दे. दर खेपेला कोणीतरी रडतंच."

ते वळण आलं, जिथे तुझी ह्यूगेत आपल्याला गाड्या बंद करायला लावायची. "ऐका," म्हणायची. तू म्हणायचास, "काय ऐकू? काहीच तर नाही." ती म्हणायची, "तेच ऐक." मी जोएलला खूण करून तिथे थांबायला लावलं. चौघांनी गाड्या बंद केल्या. मी ऐकलं. तिच्या आठवणीसाठी ऐकलं असं तुला लिहिणार होते, पण खरं तर मी दुसऱ्याच कोणाच्या तरी गाडीचा आवाज ऐकायला कान लावून बसले होते.

सूप उतू जातंय. बाकीचं उद्या.

बुधवार

काल लिहिलं नाही. वाटलं, सहल झाली, झाडं पाहिली, एवढं पुरे. पाकीट चिकटवायलाच घेतलं होतं. पण क्लबातला जिल तुझ्याशी दर आठवड्याला फोनवर बोलतो, आणि त्याच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐकलेलं बरं.

वर पोचायच्या थोडं आधी वाट अरुंद होते, उजवीकडे ओढ्याची घळ. तिथे समोरून जिल आला. क्लबाच्या गस्तीचं जाकीट घालून, एकटाच. जोएलनं तीन बोटं दाखवली. काप्युसिननं नीट दोन दाखवली. बेर्त्रांनं सगळा हात हलवून त्याला आनंदानं नमस्कार केला. मग मी.

मी एक बोट दाखवलं.

जिल पुढे गेला, आम्ही वर गेलो. विसाव्याच्या झोपडीत स्टोव्ह पेटलेला होता. हातमोजे वाळत टाकले, वाटाण्याचं सूप घेतलं. काप्युसिन मला आमच्या हिवाळ्याबद्दल विचारत होती. एवढ्यात जोएलचा वायरलेस खरखरला.

"जोएल, तुझा शेवटचा गडी पोचला का?"

"सगळे पोचले, जिल. सूप पितायत."

"सगळे कसे? शेवटच्यानं मला एक बोट दाखवलं. मी वळणावर वाट बघत थांबलो, कोणी आलंच नाही. आता घळीच्या कडेकडेनं माग बघत चाललोय."

जोएलनं आम्हाला नजरेनं मोजलं. आम्ही तीनच होतो. मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हातमोजा गोठला होता. मूठ वळली नाही."

थोड्या वेळानं जिल दार ढकलून आत आला. मिशीवर बर्फ, आणि आपल्याकडच्या पद्धतीनं चर्चच्या कपाटातली एकेक पवित्र वस्तू शिवी म्हणून तोंडातून बाहेर. त्या लियाँच्या दोघांना यातलं काहीही कळलं नाही, तेवढीच देवाची कृपा. "कोण आहे तो शहाणा? मला बघू दे."

मी टोपी काढली. "मी आहे, जिल."

तो उभाच राहिला. "सोलांज? अगं, मी पार ओढ्यापर्यंत उतरून आलो. कोणाची गाडी घसरली असेल म्हणून झुडपं हलवून पाहिली. खाली माणसं बोलवायच्या बेतात होतो."

"चुकलं माझं. हातमोजा..."

त्यानं स्टोव्हशेजारी वाळत असलेल्या माझ्या हातमोज्यांकडे पाहिलं. लोण्यासारखे मऊ, लेआंद्रनंच आणलेले. बाकावर बसला, सूप घेतलं, पाव मोडून त्यात घातला. वाडग्यात बघत म्हणाला, "म्हणजे एवढा वेळ मी लेआंद्रला शोधत होतो म्हण की."

"सापडला?" मी विचारलं.

"तो कसला सापडतोय. जिवंत होता तेव्हाही दर वळणावर मागे राहायचा. म्हणे बर्फ बघतोय. झाडामागे उभा राहून कोणी बर्फ बघतं?"

मी हसले. जिलही हसला. मग माझं हसणं थांबेना, आणि पुढे ते हसणं राहिलं नाही. जोएल लाकडं आणायला म्हणून बाहेर गेली, लाकडं भरपूर असताना. काप्युसिननं काही न विचारता माझ्या वाडग्यात आणखी सूप घातलं. ती पोर मला आवडली.

हातमोज्याचं खोटं होतं, हे तुला एव्हाना कळलंच असेल. सवयीनं हात वर गेला, हे मात्र खरं. तुम्ही दोघं पुढे, मी तिसरी आणि लेआंद्र सगळ्यात मागे, अशी आपली ओळ. तुझी तीन बोटं, ह्यूगेतची दोन, माझं नेहमीचं एक आणि त्याची मूठ. माझ्या हाताला दुसरं काही माहीतच नाही. पण जिल बाजूनं जाताच माझ्या ध्यानात आलं होतं. वळून हाक मारता आली असती, जोएलला सांगता आलं असतं. मी गप्प राहिले.

का, ते फक्त तुला सांगते. लेआंद्र गेल्यापासून सगळे मला एकटी समजून वागतात. एकटीपुरतं मटण बांधून देतात, चर्चमध्ये सरकून एकाची जागा करतात. आणि इथे, त्या वळणावर, एक माणूस गाडी थांबवून लेआंद्रची वाट बघत उभा होता. खरोखर वाट बघत होता. मागे अजून एकजण आहे, येईलच आता, असं माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला तरी वाटत होतं. ते मला मोडवेना. झोपडीत बसून सूप पिताना मी जितकी सुखात होते तितकी गेल्या दोन हिवाळ्यांत नव्हते. बिचारा जिल तेव्हा कंबरभर बर्फात उतरला होता.

परतताना जोएल म्हणाली, "मादाम सोलांज, तुम्ही माझ्यामागे या. बेर्त्रां शेवटी राहील."

"तो सगळ्यांना टाटा करत राहील," मी म्हटलं. "मीच राहते शेवटी."

"मूठ दाखवाल?"

"दाखवीन."

खाली उतरताना दोन गाड्या भेटल्या. अनोळखी माणसं, घरी जाणारी. मी हात वर केला आणि मूठ केली. चटकन वळली. मला वाटलं होतं अवघड जाईल. इतकी सोपी गेली याचंच वाईट वाटत राहिलं, पार गावातले दिवे दिसेपर्यंत. डोंगरावर लोकांना खरं ते सांगितलंच पाहिजे, नाहीतर कोणीतरी घळीत उतरतं. ते मला मान्य आहे.

आता तुझं उत्तर. तू वाट बघत असशील आणि मी शाळेतल्या क्रमाच्या आड लपून बसले आहे.

मी येईन, रोझेर. ईस्टर होऊ दे, तुझ्या तळ्यावरचं बर्फ फुटू दे, मग येईन. तुझा आवाज मला घरात हवा आहे. संध्याकाळी तू अ‍ॅकॉर्डियन चुकीचं वाजवतोस आणि ते बरोबर आहे म्हणून भांडतोस, तेसुद्धा हवं आहे. नववर्षाच्या दिवशी तू गेल्यावर तू पुसलेल्या ताटल्या मी कितीतरी वेळ कपाटात ठेवल्याच नाहीत.

पण मी एकटी येत नाही, हे तुला माहीत असायला हवं. आणि एकटा तूही नाहीस. तुझ्याकडे खिडकीशी ह्यूगेतची खुर्ची आहे. मी येणार म्हणून ती माळ्यावर टाकू नकोस. मी माझी खुर्ची आणीन, जरा अलीकडे ठेवीन, आणि तळं मला तिच्या खुर्चीपलीकडून दिसलं तरी चालेल. माझ्याबरोबर लेआंद्रचा कोट असेल. तो तुझ्या दाराशी टांगलेला तुला चालत नसेल तर आत्ताच लिही. मला राग येणार नाही, पण मग मी येणार नाही.

पुढच्या हिवाळ्यात आपण वर जाऊ. तू पुढे, नेहमीसारखा. फक्त जरा हळू, म्हणजे तुझा लाल दिवा मला दिसत राहील. मी तुझ्या अगदी मागे लागून येणार नाही. मध्ये एका गाडीचं अंतर सोडीन. समोरून कोणी आलं तर तू एकच बोट दाखव आणि मी मूठ दाखवीन, नाहीतर जिल आपल्या दोघांना डोंगराची बंदी करील. आपण किती जण आहोत ते आपल्याला ठाऊक असलं म्हणजे झालं.

हो म्हणायचं असेल तर फोन करू नकोस. फोनवर तू विनोद करतोस. लिहून कळव.

तुझ्यामागून, थोडं अंतर ठेवून येणारी,
सोलांज