अक्कांची बंगई आणि माझी पाठ

मी, सुलक्षणा ज्ञानेश्वर भदाणे, वय ४४ वर्षे, धंदा चारचाकी वाहनांची दुरुस्ती, राहणार स्टेशन रस्ता, नरडाणा, तालुका शिंदखेडा, जिल्हा धुळे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. ठिकाणावर नाही ती फक्त पाठ. येत्या बुधवारी जळगावच्या दवाखान्यात माझ्या मणक्याची शस्त्रक्रिया आहे. काळजीचे कारण नाही, असे डॉक्टर म्हणाले, आणि मग संमतीच्या कागदावरचे काय काय होऊ शकते ते सगळे वाचून दाखवले. ते ऐकून आल्यावर आपणही एक कागद लिहून ठेवावा असे वाटले. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट या कागदावरून घरात भांडण झाले आहे, ते पुढे येईलच.

१. राहते घर माझ्या सासूबाई भिकुबाई रुपचंद भदाणे यांच्या नावावर आहे. त्यांना घरात आणि गल्लीत सगळे अक्का म्हणतात. घर त्यांचे, त्यामुळे त्याबद्दल काही लिहिण्याचा मला अधिकार नाही.

२. गॅरेजची जागा, पत्र्याची शेड, जॅक, कॉम्प्रेसर आणि सर्व हत्यारे माझी मुलगी दिपमाला हिला द्यावीत. ती धुळ्याला आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा कोर्स करते आहे. तिचे वडील ज्ञानेश्वर गेले तेव्हा मी गॅरेज विकायला काढले होते. घेणाऱ्याने त्यांची हत्यारे हातात धरून न बघता पायाने सरकवून बघितली. मी त्याला चहा पाजून परत पाठवले आणि दुसऱ्या दिवशी शटर उघडले. वीस वर्षे मी ज्ञानेश्वरांना गाडीखाली पाने देत आले होते, त्यामुळे कोणता पाना कुठे लागतो ते ठाऊक होते. फक्त स्वतः गाडीखाली झोपणे ठाऊक नव्हते.

३. बँकेतील शिल्लक आणि माझ्या कानातले दिपमालाचे. अक्कांची औषधे आणि गुडघ्यांचे तेल ती आणत जाईल याची खात्री आहे, म्हणून अट घालत नाही.

४. माझे दीर प्रेमराज यांनी ज्ञानेश्वरांच्या तेराव्यानंतर पान्यांचा नवा संच "जरा बघायला" म्हणून नेला होता. तो त्यांच्याकडेच राहू द्यावा, मागू नये. ते एकदा गिऱ्हाइकासमोर म्हणाले होते, "वहिनी, बाईमाणूस असं रस्त्याकडेला गाडीखाली आडवं पडतं, हे बघवत नाही." मी म्हणाले, "मग भाऊ, तुम्हीही आडवे व्हा. खालून फक्त चेसिस दिसते." वर्षभर ते आमच्याकडे आले नाहीत. उत्तर बरोबर होते, पण चारचौघांत द्यायला नको होते. माझ्याकडे फोमची गादी असलेला विकतचा क्रीपर, म्हणजे गाडीखाली झोपून सरकायची चाकांची फळी, पडून आहे. तो प्रेमराजभाऊंना द्यावा. गाडीखाली तो निरुपयोगी आहे, पण त्यावर पडून टीव्ही चांगला बघता येईल.

५. आता सागवानी फळीबद्दल.

ही फळी अक्कांच्या बंगईची, म्हणजे झोपाळ्याची आहे. अक्कांचे माहेर चोपड्याकडचे. लग्नात त्यांच्या वडिलांनी सागाची एकसंध फळी आणि लोखंडी कड्या दिल्या होत्या. मी या घरात आले तेव्हा ओसरीत बंगई टांगलेली होती आणि अक्का तिच्यावर बसून डाळ निवडत होत्या. मी पाया पडले, तेव्हा पायाने जमीन धरून त्यांनी झोका थांबवला. मला आठवते तसे त्यांचे बाकी सगळे आयुष्य जमिनीवर, चुलीपुढे किंवा शेतात गेले. उंचावर बसण्याची त्यांची हक्काची जागा ती एकच.

मी गाडीखाली काम करू लागले तेव्हा आधी पोत्यावर, मग पुठ्ठ्यावर झोपायची. पाठ दुखू लागल्यावर दिपमालाला घेऊन जळगावला गेले आणि हत्यारांच्या दुकानात क्रीपर मागितला. फोमचा होता, तो खूप मऊ लागला. घरी आणून पिकअपखाली गेले तर गादीच्या उंचीने नाक थेट गाडीच्या पोटातल्या डिफरन्शियलला लागले. हात फिरवायला जागाच उरली नाही. मग प्लास्टिकचा घेतला. तो बुटका होता, पण डोके टेकायची उशी उंच पुरुषाच्या मापाची. माझे डोके तिच्या अलीकडेच संपायचे आणि अंबाडा मानेखाली गोट्यासारखा टोचायचा. अंबाडा सोडून वेणी घातली. एके दुपारी क्रीपर सरकवताना वेणी त्याच्या चाकाखाली आली. मी ओरडले. अक्का घरातून अनवाणी धावत आल्या, गाडीखाली वाकल्या आणि चाक उचलून त्यांनीच वेणी सोडवली.

दुसऱ्या दिवशी मी शिंदखेड्याहून पार्ट घेऊन आले, तर ओसरीत नुसत्या कड्या लोंबत होत्या. अक्कांनी सुतार नथ्थू मिस्तरींना बोलावून बंगईच्या फळीला बाहेरच्या कडांना चार मोठी चाके बसवून घेतली होती.

मी म्हणाले, "अक्का, हे काय केलं?"

"माले आते झोका खावानं वय शे का?" त्या म्हणाल्या. "तुनी पाठ मोडनी ते घर कोन चालाडी?"

मी फळी परत टांगा म्हणाले. त्यांनी ऐकले नाही. मी चार दिवस फळीला हात लावला नाही. पाचव्या दिवशी एका ट्रॅक्स जीपचा क्लच उतरवायचा होता आणि पाठ उठू देईना. मी त्या फळीवर झोपले.

लिहायला लाज वाटते, पण इतके सुख मला कशावरच झाले नव्हते. चाळीस-पन्नास वर्षे अक्का बसून बसून फळीला मधोमध उथळ खळगा पडला आहे. माझी कंबर बरोबर त्यात बसली. अंबाड्याला मागे मोकळी जागा राहिली. फळी बुटकी, चाके मोठी, फरशीच्या सांध्यात अडकत नाहीत. मी हसले आणि लगेच मला रडू आले. वर क्लच होता, त्यामुळे कोणी पाहिले नाही.

तेव्हापासून अक्का ओसरीच्या पायरीवर बसतात. बंगईवरून त्या पायाने रेटा देऊन सहज उठायच्या. आता भिंतीला हात लावून उठतात, आणि भिंतीवर त्या जागी तेलकट डाग पडला आहे. तो डाग मी रोज गॅरेजला जाताना बघते. या आठवड्यात दुसरी फळी बघू आणि ही परत देऊ, असे रोज म्हणते, आणि रोज त्याच फळीवर झोपते. शेवटी अक्कांची बंगईही गेली आणि माझी पाठही वाचली नाही.

दिपमालाने मला दोनदा सांगितले, "आई, बाकी काही दिलं नाही तरी चालेल, ती फळी मला दे." तिला ती द्यायची नाही. माझ्या मृत्यूनंतर फळीची चाके काढून ती अक्कांना परत द्यावी आणि पूर्वीच्याच कड्यांवर ओसरीत टांगावी. (हे शेवटचे वाक्य रद्द. कारण कलम ७ मध्ये. सु. ज्ञा. भदाणे)

६. दिपमालाने स्वतःसाठी नवा क्रीपर घ्यावा. दुकानात उभ्याने बघून घेऊ नये, आडवे पडून बघावे. दुकानदार हसला तर हसू द्यावे. डोळे मिटून पडावे, पाठीला काय लागते ते कळते. मग छातीवर हात उभा धरून बघावे, कोपर वाकवायला जागा पाहिजे. केस वर बांधावेत, चाक मोठे घ्यावे. आणि मऊ लागला म्हणून लगेच घेऊ नये. तो कोणाच्या जागेवरून उचलून आणलेला नाही ना, एवढे एकदा विचारावे.

७. काल संध्याकाळी मी वरील सर्व अक्कांना वाचून दाखवले. त्यांना साक्षीदार व्हायचे होते. "घरमा मी ऱ्हास, आन साक्षीले बाहेरना मानूस कसाले?" असे त्यांचे म्हणणे. पण बोरसे वकिलांनी बजावले होते की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याची साक्ष घेऊ नका. म्हणून मी कलम ५ पुन्हा वाचले, त्यांना फळी मिळते आहे हे कळावे म्हणून.

अक्का ऐकून उठल्या. भिंत धरून.

"म्हंजे तू मरशी तवय मी झोका खासू?" त्या म्हणाल्या. "मी देवले काय मांगू मंग? सून जाऊ दे, माले बसाले बंगई येऊ दे?"

माझी चूक फळी घेण्यात आहे असे मी इतकी वर्षे समजत होते. पण परत देतानाही मी माझ्या सोयीचीच वेळ निवडली होती. माझे काम संपल्यावर. अक्का रात्री जेवल्या नाहीत. दिपमाला त्यांच्याजवळ जाऊन झोपली.

आज सकाळी मी नथ्थू मिस्तरींना बोलावले आणि फळीची चाके काढून घेतली. दिपमालाने फळी रॉकेलने पुसली, मग साबणाने धुतली. ग्रीस निघाले, काळा डाग राहिला. दुपारी नथ्थूभाऊंनी ती कड्यांना लावली आणि स्वतः बसून जोर बघितला. म्हणाले, "अक्का, आता हत्ती बसवा."

"हत्ती कसाले? तूच बठेल शे ना," अक्का म्हणाल्या, पण पायरीवरून हलल्या नाहीत.

मी म्हणाले, "अक्का, आज बसलात तर ते वाक्य खोडते. नाही बसलात तर तसंच राहील, आणि बुधवारी मी ते तसंच ठेवून जाईन."

अक्कांनी पदर खोचला. "तुले काय वाटस, मी घाबरस तुले?" म्हणाल्या. मग दिपमालाला हात दिला आणि बंगईवर बसल्या. पाय जमिनीवर घट्ट रोवलेले होते. मी त्यांच्यासमोर ते वाक्य खोडले. मग त्यांनी पाय उचलले.

खोडलेला कागद पुन्हा स्वच्छ लिहावा असे वकिलांनी फोनवर सांगितले. मी लिहीत नाही. खोडलेले दिसत राहावे.

आता या मृत्युपत्रातून अक्कांना काहीही मिळत नाही. म्हणून त्यांची साक्ष घेण्यास हरकत नाही, हे वकिलांना विचारून घेतले आहे.

मी हा कागद दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला, त्यांच्यासमोर सही केली, आणि त्यांनी माझ्यासमोर आपापली सही केली.

ठिकाण: नरडाणा
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५, रविवार

सुलक्षणा ज्ञानेश्वर भदाणे

साक्षीदार
१. भिकुबाई रुपचंद भदाणे
२. नथ्थू मिस्तरी, सुतारकाम, नरडाणा

टीप: साक्षीदार क्रमांक १ यांची सही तिरकी व हललेली आहे. त्यावरून पुढे कोणी शंका काढू नये. हात थरथरत नव्हता. सहीपुरते थांबा म्हटले, तरी त्यांनी झोका थांबवला नाही.