आश्विन वद्य पंचमीचा लसूण

बाबा, आज आश्विन वद्य पंचमी. सकाळपासून लसणाच्या पाकळ्या सुट्या करून ताटात ठेवल्या आहेत आणि मी चार वेळा अंगणात जाऊन तशीच परत आले आहे. वाफा तयार आहे, माती हाताला भुसभुशीत लागते, तरी तिथे बसवत नाही. लेक मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली, "मम्मी, लगा दे ना यार! चांद पाहून कोण लावते आता?" मी तिच्यावर उगाच खेकसले. कोजागिरी झाली की दरवर्षी माझं असंच होतं. पाच दिवस कशात म्हणून जीव लागत नाही.

तुमचं सगळं ठरलेलं असायचं. क्वार्टरच्या मागे ती भाजीपाल्याची एवढीशी बाडी, आणि स्वयंपाकघरात नागपूरहून आणलेलं मराठी कॅलेंडर, त्यावर पेन्सिलीने लिहिलेल्या तुमच्या शिफ्टा. मेथी-पालक चांदण्या पंधरवड्यात, मुळा, कांदा, लसूण अंधाऱ्या पंधरवड्यात, आणि अमावस्येला मातीला हात लावायचा नाही. पोलादाच्या भट्टीसमोर आठ तास काढून तुम्ही प्लांटमधून येता, बूटही न काढता आधी वाफ्यांकडे जाता, आणि आई चहाचा कप घेऊन मागच्या दारात ताटकळत उभी राहते. मला तेव्हा या सगळ्याचं हसू यायचं.

त्या वर्षी भादव्यात आजीचा पाय मोडला आणि तुम्ही भंडाऱ्याकडे गावी निघालात. निघताना खुंटीवरची लसणाची जुडी माझ्या हातात दिलीत. बारीक पाकळीचा, जांभळट लसूण, आजीच्या सासूपासून घरात चालत आलेलं बियाणं. "दिवाळीपर्यंत नाही आलो तं तूच लावजो बाई. आश्विन वद्य पंचमीले. विसरजो नको." मी पंधरा वर्षांची होते. विसरले नाही. पण त्याच भिंतीवर आईने पावर हाउस बाजारातल्या किराणावाल्याने दिलेलं हिंदी कॅलेंडरही टांगलं होतं. हिंदीवाल्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावस्येला. त्यामुळे त्यांची आश्विनातली अंधारी पंचमी आपल्यापेक्षा महिनाभर आधी येते, ऐन पितृपक्षात. मी लसूण त्या दिवशी लावला. पाऊस अजून उघडला नव्हता.

आजी त्यातच गेली. तेरवी उरकून तुम्ही दसऱ्याला परत आलात आणि थेट बाडीत गेलात. दोन बोटांनी माती उकरलीत, तर कुजलेल्या पाकळ्या बोटांना चिकटून आल्या.

"सगळाच लावला?"

"सगळाच."

गावात आता कोणाकडेच तो लसूण उरला नव्हता. मला वाटलं, आज मार बसणार. तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. घरात येऊन ते हिंदी कॅलेंडर ओरबाडून काढलंत आणि आईवर ओरडलात, "हे कावून टांगलं इथं? पोरगी हिंदी शाळेत शिकून राहिली, तिले काय समजते कोणाचा आश्विन कधी लागते ते! माझ्या मायचं बियाणं गेलं!"

"चुकलंच माझं," आई म्हणाली.

दोन दिवस तुम्ही तिच्याशी बोलला नाहीत. पुढे कित्येक वर्षं पाहुण्यांसमोर "इले तारीख नका विचारू" असा टोमणा मारायचात, आणि ती हसून पदराला हात पुसायची. मला त्या हसण्याचा राग यायचा, आणि स्वतःची लाजही वाटायची, पण तोंड म्हणून उघडलं नाही. तुम्ही गेलात, मागोमाग तीही गेली.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तर लिहायला बसले. दोन्ही कॅलेंडरांतला फरक मला ठाऊक होता, बाबा. महिनाभर ते काम डोक्यावर नको होतं, एवढंच. आणि तो फरक मला त्याच भिंतीपाशी उभं करून आईनेच शिकवला होता.