नसलेल्या महिन्याचं वाण

चौल, कोळीवाडा
अधिक श्रावण वद्य एकादशी, शके १८५०
(‘अधिक’ हा शब्द मी माझ्याच हाताने आणि पूर्ण शुद्धीवर असताना लिहिला आहे.)

तीर्थस्वरूप सदाभाऊंच्या चरणी, त्यांच्या धाकट्या बहिणीचा नवरा कान्हा याचा मान खाली घालून नमस्कार. (मान नमस्कारासाठी मुद्दाम खाली घातलेली नाही. ती पौर्णिमेपासून खालीच आहे.) आपली, हरेश्वरमामांची आणि मामींची प्रकृती ठीक असेल. मामांच्या गुडघ्याला उंडीचं तेल चोळता ना? दिवेआगरला वारा फार असेल, दारातले माड शाबूत आहेत असं समजतो. तुळशी बरी असेलच. माहेरी आहे म्हणजे बरी असणारच, हे लिहिताना मला त्रास होतो, पण ते खरं आहे.

पत्रास कारण की, माझ्या भिंतीवरच्या घड्याळाची चावी तुळशीच्या पदराला बांधलेली असते, ती तिच्याबरोबर तिकडे आली आहे. आठवड्यातून एकदा चावी द्यायचं काम लग्नापासून तिचंच. मी फक्त घड्याळाबद्दल बोलत असे. (उन्हाळ्यात लंबक लांबतो आणि घड्याळ मागे पडतं, हे मी पाड्यातल्या प्रत्येक माणसाला सांगितलेलं आहे, काहींना दोनदा.) ते घड्याळ बंद पडलं आहे. तेव्हा चावी कोणाबरोबर तरी पाठवावी, एवढीच विनंती. तिकडे जाऊन आलेल्या आवडाबाईने तुळशीचा निरोपही आणला. ‘अमावास्येच्या आत येऊन आयच्या हातून धोंड्याचं वाण घ्या, मंग मी तुमच्यासंगं येन. न्हाय तर पुढच्या धोंड्याला बघू.’ पुढचा धोंडा तीन वर्षांनी. हा निरोप आवडाबाईने मासळीच्या टोपल्या उतरवायच्या जागी, सगळ्यांसमोर, दोनदा सांगितला. त्यावर मी अजून काही ठरवलेलं नाही. पत्र इथेच संपवायचं होतं, पण मागे आपण आला होता तेव्हा मी जे बोललो, त्याबद्दल काहीच न लिहिता नुसती चावी मागणं बरं दिसत नाही.

हे सगळं सुरू झालं फाल्गुनात, शिमग्याच्या जरा आधी. रॉकेलवाल्याने दिलेलं तारखांचं कॅलेंडर माझ्या भिंतीवर आहे, त्यात या वर्षी फेब्रुवारीला एकोणतिसावी तारीख होती. पाड्यातला सातवी पास मी एकटाच, त्यामुळे लोकांनी विचारलं नाही तरी सांगणं मला भाग होतं. मी सगळ्यांना घरी जमवलं. तुळशीला हातात दिवा देऊन मधे बसवलं, ती सूर्य. मी पृथ्वी. पंच्यात नारळ बांधून तो माझ्याभोवती फिरवत ठेवला, तो चंद्र. पृथ्वीला सूर्याभोवती एक फेरी घालायला तीनशे पासष्ट दिवस आणि वर साधारण पाव दिवस लागतो, तो पाव साठवत गेलं की चार वर्षांनी एक दिवस पदरात पडतो, म्हणून इंग्रज फेब्रुवारीत एक दिवस वाढवतो, असं बोलत बोलत मी स्वतःभोवती गिरक्या घेत सूर्याभोवती फिरत होतो. दुसऱ्या फेरीत मला भोवळ आली आणि पृथ्वी चंद्रासकट सुक्या बोंबलांच्या टोपलीत जाऊन बसली. सूर्य इतका हसला की दिवा विझला. (सदाभाऊ, तेव्हा ती माझ्यावर हसत होती तरी माझ्या बाजूची होती. हा फरक मला आता कळतो.)

पुढे पाडव्याला चौलचे जोशीबुवा पंचांग वाचायला आले आणि म्हणाले, यंदा श्रावण दोन, पहिला अधिक, दुसरा निज. नारळी पौर्णिमा दुसऱ्या श्रावणात. ऐकून सगळा पाडा बोटांवर महिने मोजायला लागला. दर्यात नारळ पडल्याशिवाय होड्या पाण्यात जात नाहीत, हे आपल्याला मी काय सांगणार. म्हणजे आणखी एक महिना होड्या शाकारलेल्या, माणसं दारात बसलेली आणि मडक्यातलं सुकट तळाला गेलेलं. त्या बोटं मोजणाऱ्या लोकांकडे बघून माझ्या डोक्यात जे आलं ते तिथेच राहिलं असतं तर आज मी सुखात असतो. मी उभा राहिलो आणि म्हणालो की वर्षाची तूट इंग्रजाने फेब्रुवारीतच भरून काढली आहे. फाटलेल्या जाळ्याला एकाने गाठ मारली, मग त्याच भोकाला दुसऱ्याने परत कशाला मारायची? सबब यंदा अधिक महिना नाही, श्रावण एकच, आणि पहिल्या पौर्णिमेलाच नारळ. नामा पाटलांनी मला जवळ घेतलं. जोशीबुवा पंचांग गुंडाळून निघाले, त्यांचे तांदूळ घ्यायलासुद्धा थांबले नाहीत. म्हाताऱ्या बायका पुटपुटल्या, पण सुकट त्यांच्याही मडक्यात नव्हतं.

मग आषाढ संपता संपता आपण चिखल तुडवत, दोन खाड्या ओलांडून आमंत्रण घेऊन आलात. मामींचा हा पहिला जावई आणि पहिला धोंडा. तेहतीस अनारसे, तांब्याचं ताट, वर दिवा आणि धोतरजोडी, असं आपण सांगत होता आणि बाहेर ओटीवर माणसं ऐकत होती. तिथे ‘येतो’ म्हणालो असतो तर माझा सिद्धांत त्याच क्षणी बुडाला असता. म्हणून मी म्हणालो की जो महिनाच नाही त्यातले अनारसे खाऊन माझं पोट कसं भरणार, आणि मामींना कोणीतरी कॅलेंडर वाचून दाखवा. ओटीवरचे लोक हसले. आपण हसला नाहीत. आपण पाणीही न पिता उठलात, आणि तुळशी आतून गाठोडं घेऊनच बाहेर आली. भांडली नाही. एवढंच म्हणाली, ‘तुमच्या हिशेबात ह्यो म्हैना न्हायच. मंग मी घरात न्हाय ते तुमाला कलायचं बी न्हाय.’

पौर्णिमेला आम्ही वाजतगाजत किनाऱ्यावर गेलो. शेजारच्या पाड्यातले लोक त्यांच्या बांधावर बसून बघत होते. (त्यांनी बसायला घोंगड्या आणल्या होत्या, म्हणजे बराच वेळ बसायची तयारी होती.) सोनेरी कागद लावलेला नारळ नामा पाटलांनी दर्यात टाकला. दर्याने तो परत आणला. पुन्हा टाकला, पुन्हा आला. तिसऱ्यांदा पाटील कमरेइतक्या पाण्यात गेले आणि अंगातला सगळा जोर लावून फेकला. तो आला तो नेमका माझ्या पायांशी, आणि कागदही निघून गेला होता, त्यामुळे तो नुसता नारळ दिसत होता. तेव्हा तरी मी गप्प बसावं की नाही? मी म्हणालो, वारा समोरून आहे, त्याचा पौर्णिमेशी संबंध नाही. माझ्या या बोलण्यावर विसंबून पाटलांसह चार जणांनी होडी लोटली. पहिल्याच फुटत्या लाटेने ती उलटी केली. माणसं हाताला लागली, देवाची कृपा, पण पाटलांचा खांदा निखळला. त्यांच्या बायकोने मला शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. तिने फक्त माझ्याकडे बघितलं, आणि मी त्या दिवसापासून त्यांच्या घरावरून जात नाही, मागच्या चिखलातून जातो.

दुसऱ्या दिवशी जोशीबुवांकडे गेलो. वाटलं होतं दारातून हाकलतील. त्यांनी बसायला पाट दिला, ते जास्त लागलं. म्हणाले, ‘कान्हा, इंग्रजाच्या वर्षात चंद्राला जागाच नाही. त्याचा वाढीव दिवस सूर्याचा पाव दिवस भरून काढण्यापुरता. आपले महिने चंद्राचे. बारा महिने झाले तरी सूर्याचं वर्ष पुरं व्हायला अकराएक दिवस उरतात. ते साठले की महिना वाढवावा लागतो, नाहीतर नारळी पौर्णिमा सरकत सरकत ऐन उन्हाळ्यात येईल.’ म्हणजे जाळी दोन होती, भोकं दोन होती, आणि मी एकाची गाठ दुसऱ्याला दाखवत होतो. हे मला सातवीच्या पुस्तकातून सहज कळलं असतं. मी ते पान पाठ केलं होतं, वाचलं नव्हतं.

आता पाड्यात मला कान्हा कोणी म्हणत नाही. ‘फेबरवारी, जेवलास काय?’ असं विचारतात. बहुतेक वेळा जेवलेलो नसतो. भात खालून लागतो आणि वरून कच्चा राहतो, त्याचं शास्त्र मला अजून सापडलेलं नाही. सदाभाऊ, मला लाज वाटते. पाटलांच्या खांद्याची वाटते, मामींबद्दल बोललो त्याची तर फारच वाटते. आणि तुळशी म्हणाली होती तसं झालं नाही. ती घरात नाही हे मला रोज कळतं, सकाळी कळतं, चूल पेटवताना कळतं. महिना नाही म्हणणाऱ्या माणसाला इतका लांबलचक महिना भोगावा लागणं योग्यच आहे.

असो. मामामामींना दंडवत. चावीचं तेवढं बघावं. आपल्या घरातल्या सगळ्यांसमोर उभं राहायची लायकी नसलेला,

कान्हा

ता. क. पत्र घेऊन जायला कोणी तयार नाही. ज्याला विचारावं तो म्हणतो, ‘फेबरवारी, तूच जा ना.’ नामा पाटलांनी खांदा बांधलेल्या अवस्थेत दारातून ओरडून हेच सांगितलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, असं मला वाटलं, किंवा वाटून घेतलं.

दुसरा ता. क. हे राजपुरीच्या खाडीवर बसून लिहितो आहे. पलीकडे नेणारी होडी वाऱ्यासाठी खोळंबली आहे. माझ्या येण्याचा कोणी वेगळा अर्थ काढू नये. मी फक्त पत्र पोचवून, चावी घेऊन, परस्पर माघारी फिरणार आहे. नवं धोतर नेसलो आहे ते जुनं वाळलं नाही म्हणून.

तिसरा ता. क. वरचं सगळं खोडायचं होतं, पण पेन्सिलीचं टोक जेमतेम उरलं आहे. मी आपल्या कुंपणाबाहेर उंडीच्या झाडाखाली उभा आहे. विहिरीवर पाण्याला आलेल्या आपल्याकडच्या काशीच्या हातून हे आत पाठवतो. हाक मारायला तोंड उघडत नाही. चावीचं राहू द्या. मला मामींच्या पाया पडायचं आहे आणि तुळशीला घरी न्यायचं आहे, याच्यासाठीच आलो. आज अमावास्या. ढगात सूर्य कुठे आहे ते दिसत नाही, दिवस किती उरला आहे ते मला सांगता येत नाही. अनारसे केले नसतील किंवा कोणाला देऊन टाकले असतील तर हातावर नुसता गूळ ठेवा, मी अंगणात उभ्यानेच घेईन. पण सदाभाऊ, मामींना म्हणावं जरा घाई करा, महिना संपतो आहे.