स्टँड गावाबाहेर गेल्यावर

आई,

काल आपलं बांगड्यांचं दुकान बंद केलं. दादा कुलूप लावायला पुढं होईना, शेवटी वहिनीनंच लावलं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी वाटलं की हे आधी तुला कळायला हवं.

तू होतीस तेव्हा एसटी स्टँड दुकानाच्या अगदी समोर होता. औंधकडच्या, वडूजकडच्या बायका बाजार उरकून आपल्या ओट्यावर टेकायच्या, गाडी लागेपर्यंत. घोटभर पाणी, इकडच्या तिकडच्या गप्पा, आणि उठताना बहुतेकींच्या हातात नव्या बांगड्या. एकदा अशीच गर्दी आहे, आणि मी एका म्हातारीला म्हणते, "मावशी, घ्यायचं नसंल तर उठा की." तू सगळ्यांदेखत मला झापतेस, "तिची गाडी लागली न्हाई अजून. बसू दे तिला. पाणी आण जा." म्हातारीनं त्या दिवशी काहीच घेतलं नाही. तुला त्याचं काही वाटलंही नाही.

तू गेल्यावर आधी रस्ता रुंद झाला, त्यात ओटा गेला. दादा खुशीत होता, आता मोठ्या गाड्या दारात येतील म्हणून. आल्या, पण थांबायला जागाच नाही. तशाच निघून गेल्या. मग स्टँडच बाहेर हायवेला हलवला आणि पेठेतून कुणी चालत जाईनासं झालं. शेजारच्या शिंप्याचं दुकान उठलं, मग भेळवाल्याचं. वहिनीनं नव्या स्टँडवर गाडा लावून पाहिला. मी भेटायला गेले, तर भर उन्हात उभी होती. म्हणाली, "वन्सं, बायका येत्यात, पर उभ्याउभ्याच हात पुढं करत्यात. माप बघीस्तवर गाडी येती. बांगडी भरायची तर निवांत बसाय नगं का?" पावसाळ्याआधीच तिनं गाडा विकून टाकला.

दादा आता साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमन आहे. या वयात. काल कुलूप लागल्यावर तो मोकळ्या पेठेकडं बघत राहिला आणि म्हणाला, "रस्ता मात्र लय चांगला झालाय, न्हाई?"

हे पत्र कपाटातच राहणार, म्हणून हेही लिहिते. सांगलीला परत येताना मी माझी गाडी पेठेतून न नेता बाहेरच्या हायवेनंच काढली. लवकर घरी पोचले. आणि आई, मला बरं वाटलं.