मथुरेला सगळं कळतं

४ ऑक्टोबर, शनिवार

जेवताना मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. कुणी परदेशी प्रोफेसर सांगत होता की जनावरांना जाणीव असते. त्यांना दुःख होतं, आठवण येते, माया कळते. अर्धाच पाहिला, कारण उरलेलं मला न बघताच समजलं. हे मी लहानपणापासून म्हणत आलोय. फक्त मोठ्यानं म्हटलं नव्हतं.

आजपासून मटण बंद.

व्हिडिओ 'गडमुडशिंगी विचार मंच' ग्रुपवर टाकला. अल्ताफनं, म्हणजे आमच्या गॅरेजवाल्या शाळासोबत्यानं, लगेच खाली लिहिलं की जनावराला भूक कळतीया भावा, माया-बिया काय न्हाय. मला राग आला नाही, कीव आली. लिहिलं, पाडव्याला दाखवतो. आमची म्हैस मथुरा माझ्या गाडीमागं पळत येईल. दोरी नाही, काठी नाही, नुसती हाक. भराभर अंगठे आले. आता माघार नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

मटण बंद असल्यामुळे फक्त पांढरा रस्सा घेतला. रस्सा हा पातळ पदार्थ, त्यात जाणीव उरत नाही. तांबडाही घेतला, नाहीतर आईला, म्हणजे आक्काला, वाईट वाटलं असतं. क्रांतीनं भांडी उचलताना विचारलं, मग नळी कुनी फोडली? बायकोला प्रत्येक गोष्टीचं उत्तर द्यायचं नसतं.

६ ऑक्टोबर, सोमवार

सराव सुरू. पाडव्याला आमच्याकडे म्हशी नटवतात. शिंगं रंगवायची, मोरपिसं, घुंगरू. सायलेन्सर काढलेल्या गाडीवर मालक पुढं आणि म्हैस मागं. जिची धाव चांगली तिच्या मालकाची कॉलर वर्षभर ताठ.

विम्याच्या कामामुळे मला गोठ्यात जायला वेळ मिळत नाही. शेण, वैरण, धार सगळं आक्का आणि क्रांती बघतात. माझं मथुरेशी नातं जास्त करून मानसिक आहे. तरी आज हाक मारल्याबरोबर आली. हँडलला सरकी पेंडीची पिशवी होती, पण तिची नजर माझ्यावर होती.

गल्लीच्या तोंडाशी आलो आणि मागं गोठ्यात रेडकू ओरडलं. मथुरा जागच्या जागी वळली आणि घरी. परत आणली. परत ओरडलं. परत घरी. आक्का दारातूनच म्हणाली, आरं अमऱ्या, दीड महिन्याचं लेकरू टाकून ती तुझ्या फटफटीमागं कशाला यील?

८ ऑक्टोबर, बुधवार

नीट विचार केला. मथुरेची माझ्यावर माया आहे, यात शंका नाही. पण ती रेडकाकडे वाहून जाते. अडथळा काढला पाहिजे. शिवाय तो नर. नुसतं दूध पिणार. हा मुद्दा दुय्यम आहे, लिहिण्यापुरता लिहिला.

जोतीराम असे रेडे मळ्यात गोळा करतो आणि टेम्पो भरला की पाठवतो. कुठे, ते विचारलं नाही. दुसऱ्याच्या धंद्यात फार खोल जाऊ नये. दिवाळीत ड्रायव्हर मिळत नाही, त्यामुळे टेम्पो भाऊबीज झाल्यावरच. म्हणजे भरपूर वेळ आहे. पाडवा झाला की त्याच संध्याकाळी रेडकू परत आणायचं, असं मनाशी पक्कं केलंय. जोतीरामला हे सांगितलं नाही. उगाच त्याचा हिरमोड.

आज त्याच्याकडे नेताना रेडकू माझ्या शर्टाचं बटण चोखत होतं. चेहऱ्यावर दुःख दिसलं नाही. या वयात जाणीव तयार झालेली नसते. व्हिडिओच्या राहिलेल्या अर्ध्यात हे असणारच.

९ ऑक्टोबर, गुरुवार

मथुरा सकाळपासून हंबरतेय. शेजारच्या अंबूबाई विचारायला आल्या, म्हस आजारी हाय काय? मी सांगितलं, हवा बदललीय.

खिडकी लावून घेतली. माझ्या फोनवरच्या बोलण्यात व्यत्यय येतो म्हणून.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

दूध निम्म्यावर आलं. आक्का म्हणाली, चोरतीया, पान्हा सोडंना. मला तर आनंदच झाला. चोरायला हेतू लागतो, हेतूला मन लागतं. म्हणजे मन आहे! ताबडतोब ग्रुपवर लिहिलं. अल्ताफनं उत्तर दिलं, तिनं दूध चोरलं ते कळालं, तिचं रेडकू कुनी चोरलं ते पन लिव्ह.

ग्रुप म्यूट केला. चर्चेची पातळी घसरत चालली आहे.

१३ ऑक्टोबर, सोमवार

प्रगती. आज मथुरा एकदाही मागं वळली नाही. वळायचं कारणच नव्हतं. चौकापर्यंत आली. पळत नाही, चालत. पेंडीच्या पिशवीकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणजे अल्ताफचा भुकेचा मुद्दा निकालात निघाला. हे त्याला सांगायला हवं होतं, पण तो रेडकाचा विषय काढेल.

उद्या जोतीरामकडे जाऊन रेडकू नुसतं बघून यायचं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

गेलो नाही. कागलला विम्याची पार्टी होती.

१५ ऑक्टोबर, बुधवार

गेलो नाही. ऊन फार.

क्रांतीनं विचारलं, अवो, आनताय कवा त्याला? म्हटलं, पाडव्याच्या संध्याकाळी, ठरलंय. ती म्हणाली, तवर तिला काय सांगू? मी म्हटलं, म्हशीला काय सांगायचं, तिला काय कळतंय! क्रांती बघत राहिली. मग माझ्याही लक्षात आलं की हे मी माझ्याच मुद्द्याविरुद्ध बोललो. खोडत नाही. रोजनिशीत खरं असावं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. वसुबारस

आज गाय-वासराची पूजा. आमच्यात गाय नसल्यामुळे आक्का दरवर्षी मथुरेला आणि तिच्या पिल्लालाच ओवाळते. आज ताट घेऊन गोठ्याच्या दारापर्यंत गेली, थांबली आणि तशीच शेजारी अंबूबाईंच्या गाईकडे गेली. परत आल्यावर मी समजावून सांगितलं की शास्त्राप्रमाणे ही पूजा गाईचीच असते, म्हशीची नाहीच, त्यामुळे आपण उलट बरोबर केलं. आक्का म्हणाली, व्हय रं बाबा, तुझं सगळं बरोबरच असतंय.

आईला पटलं, बरं वाटलं.

१९ ऑक्टोबर, रविवार

गुंडू आला होता. म्हशीच्या अंगावरचे केस कातरून नक्षी काढण्यात त्याचा हात धरणारं कुणी नाही. बाकीचे लोक मालकाचं नाव नाहीतर वाघ-सिंह काढून घेतात. मी मजकूर दिला: 'मला सगळं कळतं'. दोन्ही बाजूंना, ठळक. गुंडूनं दोनदा विचारलं की हे तुमच्याबद्दल हाय का म्हशीबद्दल.

मथुरा अजिबात हलली नाही. इतर वेळी कुणाला अंगाला हात लावू देत नाही. डोळ्याखाली ओलं दिसलं. गुंडू म्हणाला, माशांमुळं. मीही तेच म्हणणार होतो.

त्याला जेवायला ठेवून घेतलं. मटण. पाहुण्याला एकट्याला खायला लावणं ही पण एक क्रूरताच.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

सगळी तयारी झाली. अल्ताफनं सायलेन्सर काढून दिला. जाताना म्हणाला, भावा, ते रेडकू आन की आजच, म्हस लई खंगलीया. मी म्हटलं, एक दिवसाचा प्रश्न आहे. आज आणलं तर उद्या सगळं मुसळ केरात.

उद्याचे बेत: पहाटे अंघोळ. फेटा. मथुरेची धाव. सत्कार झालाच तर दोन शब्द. मग थेट जोतीरामचा मळा.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा, दुपारी

झालं ते असं.

चौकात ही गर्दी. हलगी, शिट्ट्या, गाड्यांचा धडाका. मी गाडीवर उभा राहून हाक दिली, मथुरेऽऽ! मथुरा आली. चार पावलं आली. थांबली. माझ्याकडे बघितलं. मग वळली आणि घराच्या दिशेनं अशी पळत सुटली की रस्त्यातल्या माणसांनी उड्या मारल्या. दोन्ही बाजूंचे लोक तिच्या अंगावरचं मोठमोठ्यानं वाचत होते. मला सगळं कळतं! शिट्ट्यांना तर तोटाच नव्हता. गाडी वळवून मी तिच्या मागं. म्हणजे मालक आणि म्हैस एकामागून एक धावले, हे कुणालाही नाकारता येणार नाही. क्रम तेवढा उलटा झाला.

घरी आलो तर ती रेडकाच्या रिकाम्या खुंट्यापाशी उभी. पायात घुंगरू, शिंगांना मोरपिसं, आणि तोंड खाली घालून जमीन हुंगतेय.

फेटा न सोडताच जोतीरामकडे निघालो.

त्याच दिवशी, संध्याकाळी

आणलं! मी शब्दाचा पक्का माणूस आहे.

मळ्यातल्या शेडमध्ये बरीच रेडकं होती, सगळी काळी, सगळी बारीक. जोतीराम म्हणाला, न्या की मालक, माझं काय जातंय, तुमचं कंचं ते वळखा. नाव ठेवलेलं नव्हतं, त्यामुळे हाक काय मारायची कळेना. 'ए' म्हटलं. सगळ्यांनी बघितलं. त्यातलं एक पुढं आलं आणि माझ्या फेट्याचा शेमला चोखायला लागलं. डोळ्यांत ओळख स्पष्ट दिसत होती. मलाही भरून आलं. अल्ताफ माझ्यासोबत आला होता. त्यानं विचारलं, नक्की हेच न्हवं? मी म्हटलं, हे डोळ्यांचं नातं असतं, तुला नाही कळणार.

घरी आणून सोडलं. मथुरा दावं ताणून पुढं आली. तोंड हुंगलं, पाठ हुंगली, शेपटीखाली हुंगलं. पुन्हा पहिल्यापासून सगळं हुंगलं. मग त्याला कपाळानं बाजूला ढकललं. ते कासेला गेलं तर लाथ मारली.

रागावलीय. इतके दिवस कुठं होतास, असा तो राग. आईचा राग, उतरेल सकाळपर्यंत. आक्का आणि क्रांती गोठ्याच्या दारात नुसत्या उभ्या होत्या. मी म्हटलं, बघा, जनावरालाही मान-अपमान असतो.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

आक्कानं उजाडल्यावर रेडकाची शेपटी हातात धरून मला दाखवली. म्हणाली, आपल्याचा गोंडा पांढरा हुता रं.

ह्याचा काळा आहे. पार काळा.

मी म्हटलं, वैरण बदलली की रंग बदलतो. कुणी हसलं नाही. मग मी चिडलो. तुम्हाला माहीत होतं तर काल का नाही सांगितलं? क्रांती म्हणाली, आमी कशाला सांगायचं? म्हशीनं कालच सांगितलं की.

तसंच त्या रेडकाला गाडीवर घातलं आणि मळ्यात गेलो. शेड रिकामी. दाव्यांचे तुकडे पडलेले. ड्रायव्हरला भाऊबिजेला बहिणीकडं जायचं होतं म्हणून टेम्पो पहाटेच काढला. कुठे गेला, हे आज मी विचारलं. जोतीराम जमिनीकडं बघत म्हणाला, आता इचारून काय करताय मालक.

मग मी विचारलं, हे कुणाचं? तो म्हणाला, कुनास ठावं.

ते परत माझं बटण चोखत होतं. त्याला तिथं सोडून येणं मला जमलं नाही. त्यात मोठेपणा काही नाही. रिकाम्या हातानं घरी जायची भीती वाटली.

२५ ऑक्टोबर, शनिवार

मथुरा त्याला जवळ येऊ देत नाही. मी बाटलीनं दूध पाजतो. मीच पाजतो, कारण आक्का म्हणाली, तू आनलंस, तू बघ. त्यामुळे ते दिवसभर माझ्या मागं. अंगणात मागं, न्हाणीपाशी मागं, गाडी काढली तर गाडीच्या मागं पळत.

अल्ताफ आला होता. बघून खूश झाला. म्हणाला, मर्दा, आलं की रं तुझ्या मागं! ना दोरी, ना काठी! थांब, व्हिडिओ काढतो, ग्रुपवर टाकू. मनापासून म्हणत होता बिचारा. मी नको म्हटलं. त्यानं मोबाईल खिशात टाकला आणि माझ्याबरोबर बसला.

कालपासून मथुरा हंबरायची थांबलीय. मी अंबूबाईंना सांगणार होतो की विसरली. सांगितलं नाही.

संध्याकाळी वैरण टाकायला गेलो. पहिल्यांदाच गेलो, तर ती आपणहून पुढं आली. हाक मारली नव्हती. माझा हात हुंगला, मनगट हुंगलं, शर्ट पोटापर्यंत हुंगला. सगळीकडे रेडकाची लाळ आणि दुधाचा वास होता. वाटलं, हाच तो क्षण. मग तिनं मान वर केली आणि माझ्या पलीकडं, दाराकडं बघितलं.

दारात रेडकू होतं. दुसरं.

तिनं तोंड फिरवलं. मला फार वाईट वाटलं. वैरण टाकली आणि घरात आलो.